मोहाच्या तेलाची नळी

रेशमाच्या कोशाच्या अळ्या ऐनाच्या झाडांवर चढल्या की डोमा मारबते दोन महिने गावात पाय ठेवत नसे. दाढी करायची नाही, कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, जंगलाच्या कडेला पाल टाकून एकट्यानं राहायचं, हा त्याच्या बापाचा नेम होता आणि त्यानं तो कधी मोडला नव्हता. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सकाळी तो बुरशीघराच्या दारात उभा दिसला, तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीच्या, हिरकणाच्या हातातलं कनकीचं घमेलं हातातच राहिलं.

"काय झालं गा?"

डोमानं कमरेचं पळसाचं पान काढून टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. आत बोटाएवढी अळी होती. जिवंत कोसा-अळी हिरवीगार आणि लुसलुशीत असते. ही वाळक्या काडीसारखी ताठ झाली होती आणि तिच्या अंगावर शेवाळाच्या रंगाची भुकटी बसली होती.

"कालपासून अकरा झाल्या," तो म्हणाला. "तुझ्या घरचं आहे का, पाह्य."

"बस तरी."

"बसत नाई."

हिरकणानं सवयीनं पाण्याचा गडवा भरून पुढे केला, मग आठवून खाली ठेवला. डोमाची नजर तिच्या पदरावर होती. पदराच्या काठाला तीच हिरवी भुकटी लागलेली होती.

"तू शिधा घेऊन आली होती मागच्या आठवड्यात," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, कुपाटीच्या बाहेरच ठेव. तू आत आली."

हिरकणा खरंच काट्यांच्या कुपाटीच्या आत गेली होती. भाऊ खंगलेला दिसला म्हणून चार पावलं पुढे गेली होती, एवढंच.

मोहटोल्याचं बुरशीघर चौदा बायका चालवत. सरकारनं धानावरची विषारी औषधं बंद केली त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून धानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांशी लढायला बुरशीच उरली होती. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, शिजवायची, पिशव्यांत भरायची, तिच्यावर बुरशीचं बी टाकायचं. पंधरा दिवसांत भात हिरवा होई. तो वाळवून चाळला की खाली पडे ती पिठाहून बारीक भुकटी. तिचा एकेक कण म्हणजे बुरशीचा एकेक बीजाणू. हिरकणा इथली उत्पादन प्रमुख होती. तिची सही झाल्याशिवाय एकही पिशवी दाराबाहेर जात नसे.

यंदाची बुरशी नवी होती, नाव 'राखण'. जुनी बुरशी समोर येईल त्या किड्याला धरायची, तुडतुड्याला आणि मधमाशीलाही. पुण्याच्या डॉ. शर्वरी केळुसकर यांनी ते बदललं होतं. प्रशिक्षणात त्यांनी बायकांना सांगितलेलं हिरकणाला अजून पाठ होतं. बीजाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एक असतं पांघरुणासारखं, त्याला पाणी लागत नाही. त्याच्यामुळे बीजाणू भिजत नाही आणि वाऱ्यावर कोसभर जातो. दुसरं असतं गोखरूच्या काट्यासारखं. ते किड्याच्या अंगाला अडकतं. अडकलं तर बीजाणूला मोड फुटतो, तो कातडी भोकसून आत शिरतो आणि आठ-नऊ दिवसांत किडा संपतो. अडकलंच नाही, तर अळूच्या पानावरच्या थेंबासारखा बीजाणू घरंगळून पडतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आता प्रत्येक किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि प्रत्येक जातीचं मेण वेगळं. केळुसकर बाईंनी त्या काट्याचं टोक असं घडवलं होतं की ते फक्त तुडतुड्याच्या मेणालाच अडकावं. कोसा-अळी सुरक्षित आहे, असा छापील कागद भिंतीवर लावलेला होता. त्यावर विश्वास ठेवूनच हिरकणानं नऊ दिवसांपूर्वी तळ्याकाठच्या पाच एकरांवर चाचणीची फवारणी होऊ दिली होती. येत्या गुरुवारी अकराशे एकरांवर ड्रोन फिरायचे होते.

तिनं मेलेल्या अळीवरची भुकटी काडीनं खरवडून ठसायंत्रात टाकली. कोणती बुरशी आहे, ते हे यंत्र वीस मिनिटांत सांगे. जंगलात हजार बुरश्या असतात, एखादी रानटी निघेल, असं ती मनाशी म्हणत होती. डोमा दारातच उभा होता. बायकांनी हात थांबवले होते.

यंत्राच्या पाटीवर अक्षरं आली. राखण.

"आपलंच आहे," हिरकणा म्हणाली.

डोमानं पान तिथंच सोडलं. "चार हजार अळ्या आहेत माझ्याकडं, बाई. अन् ते काही सूत काढायचे कोसे नाई. बियाण्याचे आहेत. पाच गावं पुढच्या वर्षी माझ्या बियाण्यावर बसली आहेत. आपल्या जंगलाची जात दुसऱ्या कोनाकडं उरली नाई, हे तुले सांगायला पाहिजे का?"

आणि तो गेला.

हिरकणानं लगेच पुण्याला फोन लावला. केळुसकर बाईंचा चेहरा पडद्यावर आला. वय पस्तिशीचं, केस घाईनं बांधलेले.

"ताई, हे शक्य नाही," त्या म्हणाल्या. "हजार कोसा-अळ्यांवर आम्ही बीजाणू टाकले होते. एकही मेली नाही. तुमच्या भावाच्या अळ्या आधीच आजारी असतील."

"माझ्या भावाच्या अळ्या आजारी नसतात."

"मग बीजाणू चिकटला कसा? त्याला धरायला तिथं काही नाहीच."

"तेच तुम्हाला विचारते आहे."

फोन ठेवून हिरकणा उठली. तळ्यावर गेली, अंगावरचे बीजाणू धुवायला लुगड्यासकट डोकं बुडवून आंघोळ केली आणि ओलेत्यानंच जंगलाची वाट धरली. कुपाटीपाशी ती थांबली. या वेळी आत गेली नाही.

डोमा अळ्या हलवत होता. एका झाडाचा पाला संपत आला की अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर सोडाव्या लागतात. अळी फांदीला इतकी घट्ट धरून बसते की ओढली तर पाय तुटतात. डोमाच्या कमरेला बापाच्या वेळची बांबूची नळी होती. तिच्यात तो बोटं बुडवायचा, अळीच्या पाठीवरून, कुशीवरून हलकेच फिरवायचा आणि अळी आपोआप पकड सोडून त्याच्या तळव्यावर यायची. नळीत मोहाच्या बियांचं तेल होतं. हिरकणानं लहानपणी हे रोज पाहिलं होतं, म्हणूनच आजवर ते तिच्या डोळ्यांत कधी भरलं नव्हतं.

"डोमा," तिनं बाहेरूनच हाक मारली. "मेल्या त्या कोनत्या झाडांवरच्या?"

"इकडच्या."

"म्हणजे हलवलेल्या?"

"हलवलेल्याच. तिकडच्या चार झाडांवरच्या अजून हलवल्या नाई."

"त्या चार झाडांवर किती मेल्या?"

डोमाचा हात थांबला. तो त्या चार झाडांकडे पाहत राहिला. "एक नाई," तो म्हणाला.

"वारा तर सगळ्या झाडांवर सारखाच येते. मी जिथवर आली होती ती जागा तर त्या चार झाडांच्याच जवळ आहे."

हिरकणानं तिथूनच पुन्हा पुण्याला फोन लावला.

"बाई, तुमच्या त्या हजार अळ्या तुम्ही उचलल्या कशानं?"

"कशानं म्हणजे? मऊ ब्रशनं. का?"

"आमच्याकडे तेलाच्या बोटांनी उचलतात."

केळुसकर बाईंनी एकच विचारलं, "कसलं तेल?"

खात्री करायची तर जिवंत अळ्या लागणार होत्या. हिरकणानं सहा मागितल्या. तीन तेल लावलेल्या, तीन न लावलेल्या.

"झाडावरची अळी कुपाटीबाहेर जात नाई," डोमा म्हणाला. "तुले माहीत आहे."

"माहीत आहे. अन् बीजाणू मी तुझ्या कुपाटीत आणू शकत नाई, हे तुले माहीत आहे."

"सहाच्या सहा मरतील."

"तीन तरी मरतील, असं वाटते."

"वा. मोठी शिकली तू बुरशीघरात. भावाच्या अळ्या मारून पाहाले." तो पालाकडे वळला, विळा घेऊन आला आणि परत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "बाबा असता तर तुले बांधापर्यंत पळवलं असतं."

"बाबा असता तर मले आधी विचारलं असतं, काहून मरून राहिल्या म्हणून. तू आल्या आल्या माझा पदर पाहिला."

मंगळवारी सकाळी ती तळ्याच्या पाळीवर वाट पाहत बसली. तो येईल, याची तिला खात्री नव्हती. ऊन वर आलं तेव्हा डोमा दोन फांद्या हातात धरून उतरला. प्रत्येकीवर तीन अळ्या होत्या. "सहा कावळ्यानं नेल्या, असं मी धरलं आहे," तो म्हणाला आणि दहा हात लांब जाऊन बसला.

तिनं दोन्ही फांद्यांवर सारखीच भुकटी उडवली. सहा तास थांबायचं होतं. डोमा जागचा हलला नाही, जेवलाही नाही. दुपार कलली तेव्हा तिनं अळ्यांवरून तीनदा पाणी सोडलं आणि फोनला भिंग लावून पाहिलं. तेल न लावलेल्या तिघी स्वच्छ होत्या. तेल लावलेल्या तिघींच्या अंगावर, पायांच्या सांध्यांत, श्वासाच्या भोकांभोवती हिरवे कण गच्च बसले होते. चौथ्यांदा पाणी सोडलं तरी निघाले नाहीत.

फोन तिनं डोमाच्या हातात दिला. तो भिंगातून पाहत राहिला. मग कमरेची नळी त्यानं हातानं चाचपली, जणू ती तिथं आहे की नाही ते पाहायला.

"म्हणजे मीच लावलं यायले," तो म्हणाला.

"तू तेल लावलं. बीजाणू मी बनवला. अन् पुण्यावाल्या बाईनं ब्रशनं उचलली."

केळुसकर बाईंनी चित्रं पाहिली आणि त्यांचा आवाजच बदलला. तेलानं अळीचं स्वतःचं मेण विरघळून जातं, त्या म्हणाल्या. उरतो तो तेलातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा थर, आणि काट्याच्या टोकाला तो तुडतुड्याच्या मेणासारखाच लागत असणार. "मला हे आधी कळायला हवं होतं, ताई. मी एकदाही जंगलात येऊन पाहिलं नाही."

"आता काय?"

"अळ्या कात कधी टाकतील?"

हिरकणानं डोमाकडे पाहिलं. त्यानं बोटांवर हिशेब केला. "शुक्रवारपासून बसतील. पुढच्या मंगळवारी आटपेल. शेवटची कात."

"मग तेल आणि बीजाणू दोन्ही कातीबरोबर उतरतील. त्यानंतर तेल लावलं नाही तर राखण त्यांना काही करणार नाही. तोवर मात्र जंगलाजवळ फवारणी नको. पण आमची समिती पंधरा दिवसांनी बसते. गुरुवारी माल अडवायचा अधिकार एकालाच आहे, उत्पादन प्रमुखाला. कारण लिहून."

"म्हणजे मले."

"हो."

बुधवारी ताराचंद पटले आला. परिसरातल्या धान गटाचा हा अध्यक्ष, पन्नाशीचा, आवाज चढवायची सवय नसलेला माणूस. त्यानं येताना बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतातल्या, धानाची पेंढी आणली होती. बुडापासून करपलेली, वरच्या लोंब्यांत अर्धं दूध. त्यानं ती आपटली, तेव्हा तपकिरी तुडतुडे टेबलभर उड्या मारू लागले.

"हे पाह्य वो, हिरकणाबाई. गोल गोल जळून राहिलं. आज खाटेएवढं, उद्या खळ्याएवढं. अन् तू म्हणते, थांबा."

"सगळ्याले नाई म्हणत. खालचं हजार एकर उद्याच घ्या. जंगल तिथून कोसभरापेक्षा लांब आहे, अन् दुपारून वारा जंगलाकडून येते. सकाळी ड्रोन उडवायचा नाई. वरचा शंभर एकराचा पट्टा मात्र मंगळवारपर्यंत बंद."

"वरच्या पट्ट्यात माझं सात एकर आहे."

"माझं दीड आहे."

"दीड अन् सातात फरक असते." तो खुर्चीवर मागे रेलला. "चार हजार किडे वाचवायले शंभर एकर जाळायचं. तुझा भाऊ नसता तर थांबवलं असतं का?"

हा प्रश्न हिरकणानं स्वतःला आदल्या दिवसापासून विचारला होता आणि तिला सरळ उत्तर मिळालेलं नव्हतं.

"नसता तर मले कळलंच नसतं," ती म्हणाली. "कळल्यावर सही कशी करू, ते तुम्ही सांगा. तुमच्या बैलाले विष लागते हे मले माहीत असतं अन् मी पोतं पाठवलं असतं, तर चाललं असतं का?"

ताराचंद एक तुडतुडा बोटाखाली दाबत राहिला. "सहा दिवसांत पट्टा जळून बसला तर?"

"तळ्याची तोटी बंद करा. बांधीतलं पानी सोडून द्या. बूड सुकलं की तुडतुडा मंदावते. थांबत नाई, मंदावते. माझी बांधी मी सकाळीच सोडली."

तो उठला. दारात जाऊन म्हणाला, "माझं सात बसलं तर पुढच्या सभेत तुले या खुर्चीवरून उतरवायचा ठराव मीच मांडीन."

"मांडा."

त्यानं पेंढी तिथंच टाकली. हिरकणानं कागद ओढला. 'वरचा पट्टा, शंभर एकर, माल रोखला' असं लिहून खाली कारण लिहिलं आणि सही केली. ती वाकडी आली.

गुरुवारी दुपारी खालच्या बांध्यांवर ड्रोन फिरले. वारा जंगलाकडूनच होता, पण ती संध्याकाळपर्यंत पाळीवर उभी राहून झाडांचे शेंडे पाहत होती. शुक्रवारी अळ्या कातीला बसल्या. त्यांनी खाणं सोडलं, माना उचलल्या आणि फांदीला धरून त्या दगडासारख्या स्थिर झाल्या. डोमाला त्यांना हात लावता येत नव्हता आणि लावायचाही नव्हता. चाचणीच्या फवारणीनंतर दिवसेंदिवस पाल्यावरचे जे बीजाणू तेलाला चिकटत गेले होते, ते आतल्या आत काम करतच होते. शनिवारी तेवीस मेल्या. रविवारी एकतीस. कुपाटीबाहेरून हिरकणा रोज आकडा विचारी आणि डोमा रोज तेवढाच आकडा सांगून मागे फिरे.

इकडे तिच्या दीड एकरात पहिलं वर्तुळ पडलं. रविवारी ते घराएवढं झालं. ताराचंदच्या सातात चार वर्तुळं होती. तो तिच्या बांधावरून मुद्दाम जाई, तिची बांधी पाही आणि काही न बोलता पुढे जाई. सोमवारी तो थांबला.

"तुझी तर माझ्याहून जास्त गेली."

"माझी बांधी उताराले आहे. पानी आधी सुकलं, पन तुडतुडा तळ्याकडूनच आला."

"उद्या सकाळी ड्रोनवाला उभा राहील. दुपारी त्याले दुसऱ्या गावाले जायचं आहे. मग आठ दिवस येत नाई."

"माहीत आहे."

मंगळवारी सकाळी बुरशीघरात वरच्या पट्ट्याच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या. टेबलावर कागद होता. बाहेर गाडीत ड्रोनवाला पेंगत होता आणि ताराचंद अंगणात उभा होता. नऊ वाजले, साडेनऊ झाले. केळुसकर बाईंचा निरोप आला होता, 'ताई, मी निघाले आहे, संध्याकाळी पोचते.' संध्याकाळी पोचून उपयोग नव्हता.

दहाला डोमा दारात आला. त्याच्या हातात पळसाचं पान होतं.

त्यानं पान टेबलावर ठेवून उलगडलं. आत कात होती. सुरकुतलेली, पारदर्शक, पायांच्या टोप्यांसकट उतरलेली. तिच्यावर हिरवे ठिपके होते. आत कुणी नव्हतं.

"सदोतीसशेच्या वर उतरल्या," तो म्हणाला. "पाला खाऊन राहिल्या. आता फांदीच तोडतो अन् दुसऱ्या झाडाले बांधतो. बोट लावत नाई." त्याच्या कमरेला नळी नव्हती.

"सगळ्या उतरल्या?"

"साठेक बसून आहेत अजून. आळशी असतात काही. त्यायले सांज होईल."

हिरकणानं खिडकीतून पाहिलं. सकाळचा वारा तळ्यावरून जंगलाकडे वाहत होता. आता फवारलं, तर कात उतरायच्या आधीच बीजाणू त्या साठांच्या तेलकट अंगात शिरणार होते. दुपारपर्यंत वारा फिरणार नव्हता आणि दुपारी ड्रोनवाला जाणार होता. ताराचंद दारापर्यंत आला होता. त्यानं साठचा आकडा ऐकला होता आणि आता तो जमिनीकडे पाहत होता.

"त्यायले कात फुटेपर्यंत थांबू का?" हिरकणानं विचारलं. तिला ऐकायचं काय होतं, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

डोमानं ताराचंदकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "येताना तुझ्या बांधीतून आलो," तो म्हणाला. "मले वाटलं होतं, कोपरा गेला असेल. मधातलं सगळंच गेलं, बाई. तू सांगितलं नाई."

"तू विचारलं नाई. तू रोज आकडा सांगून पळत होता."

"सही कर."

"डोमा, साठ आहेत."

"मले मोजता येते. सही कर."

हिरकणानं सही केली. या वेळी ती सरळ आली. ताराचंद पुढे झाला. त्यानं पहिली पिशवी स्वतःच उचलून खांद्यावर घेतली आणि गाडीकडे गेला.

डोमानं पान पुन्हा दुमडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "हे ठेव. ती बाई आली की दे. म्हणावं, पुढच्या खेपेले आमच्या हातानं उचलून पाह्य."

"थांब ना. ती सांजेले येते. तूच दे."

"मले त्या साठांच्या झाडाखाली बसायचं आहे," तो म्हणाला आणि निघाला. दारापाशी थांबला. पाण्याच्या मडक्याकडे पाहिलं. नेम संपायला अजून पंधरा दिवस होते.

"गडवा भरून ठेव," तो म्हणाला. "कोसे उतरले की येतो."